एका टर्मची पेन्शन

मी एसटीत कंडक्टर होतो असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच म्हणतो, म्हणजे पेन्शन चांगली असेल. पूर्वी राग यायचा, आता तोही येत नाही. आमच्या वेळी एसटीवाल्याला पेन्शन नव्हती. निवृत्तीला फंड मिळायचा, हार मिळायचा, नारळ मिळायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचं हा प्रश्न ज्याचा त्याचा. हे सांगून सांगून जीभ थकली, पण लोकांना खरं वाटत नाही. खाकी कपडे, छातीवर बिल्ला, खांद्याला चामड्याची बॅग, म्हणजे माणूस सरकारीच असणार असं ते धरून चालतात.

माझे सासरेही तसंच धरून चालले होते. अमळनेरला तेलाच्या मिलमध्ये ते कामाला, आणि मिल आज चालू तर उद्या बंद. म्हणून मुलगी द्यायची ती सरकारी नोकरीवाल्यालाच असा त्यांचा हट्ट. लग्नानंतर बायकोला खरा प्रकार कळला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही नुसते दिसायला सरकारी." पुढे जन्मभर, भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मी कुरकुरलो तरी ती हेच काढायची.

माझे वडील वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. केंद्र सरकारची नोकरी. आमच्या बुद्धवाड्यात पेन्शन आणणारे ते पहिलेच, त्यामुळे पेन्शनच्या दिवशी ते उन्हाळ्यातही कोट घालून बँकेत जायचे आणि येताना भुसावळहून जिलेबी आणायचे. धाकटा भाऊ पाचोरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर झाला. त्यालाही पुढे पेन्शन ठरलेली. मधला मी. वडील म्हणायचे, "तू निमसरकारी. काम सरकारचं आणि म्हातारपण घरचं." हे ते हसत म्हणायचे, पण त्यांना काळजी वाटत होती हे मला कळायचं. तेव्हा मी तिशीत होतो आणि म्हातारपण ही दुसऱ्यांना होणारी गोष्ट आहे असं समजत होतो.

ऐंशीच्या दशकात मी धुळे–जळगाव लाइनला होतो. मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव आणि परत. माझ्या गाडीवर बरीच वर्षं एकच ड्रायव्हर होते, त्यांना सगळे नाना म्हणायचे. पारोळ्याचे. उंच, वाळकुडे, गळ्यात कायम पांढरा पंचा, बोलणं अगदी बेताचं. माझं तोंड दिवसभर चालू आणि त्यांचं बंद, त्यामुळे आमचं छान जमलं. उन्हाळ्यात बॉनेटवर पाय भाजून निघायचे, पण नाना कधी वैतागले नाहीत. रात्रीच्या मुक्कामाला मी बाजरीची भाकरी आणली असेल तर ते ठेचा काढायचे. माझ्यापेक्षा ते वीस-एक वर्षांनी मोठे, तरी मला "भाऊ" म्हणायचे. बोलणं अहिराणी, गाडीला कायम "मनी गाडी" म्हणायचे, म्हणजे माझी गाडी.

आमच्या गाडीत पुढच्या बाकांपैकी एकावर "आमदारांसाठी राखीव" असं लिहिलेलं असायचं. सगळ्याच एसटीत असतं. माझ्या सगळ्या नोकरीत त्या जागेवर चालू आमदार बसलेला मी पाहिला नाही. आधी त्यांच्याकडे जीप होत्या, नंतर पांढऱ्या मोटारी आल्या. त्या जागेवर वांग्यांची टोपली बसली, कोंबड्या बसल्या, बाळंतीण बसली, एकदा लग्नाचं आख्खं रुखवत बसलं. आमदार म्हणून हक्कानं बसणारा माणूस मला एकच भेटला. तोही माजी.

त्यांना आम्ही आबा म्हणायचो. धोतर, जाड खादीचा सदरा, हातात कापडी पिशवी. सत्तरच्या दशकात ते एकदा निवडून आले, पुढच्या खेपेला पडले, आणि त्यानंतर पक्षानं त्यांना तिकीटच दिलं नाही. त्यांचं गाव मुकटीच्या अलीकडे फाट्यापासून आत होतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते धुळ्याला यायचे: पेन्शन, औषधं, पेपरांचा गठ्ठा, आणि स्टँडसमोरच्या हॉटेलात एक प्लेट भजी. माजी आमदाराला एसटी फुकट, तसा पास त्यांच्याजवळ होता. मी कधीच मागायचो नाही, पण ते चढल्या चढल्या पास पुढे धरायचे. म्हणायचे, बघा कंडक्टरसाहेब, न बघता सोडू नका. मी बघायचो. दर महिन्याला तोच पास आणि तोच तरुण फोटो.

त्या फाट्यावर जलद गाडीला थांबा नव्हता. तरी नाना थांबवायचे. आबांनी आपल्या पाच वर्षांत गावापर्यंत रस्ता करून घेतला होता, आणि त्या रस्त्यानं पहिली एसटी नानांनी नेली होती. गावातल्या बायकांनी नानांना ओवाळलं होतं, टोपी-उपरणं दिलं होतं. नाना ही गोष्ट वर्षातून एकदा तरी सांगायचे. त्यांना कोणी ओवाळावं असं आयुष्यात फारसं घडलं नव्हतं. त्यामुळे आबा आले की नाना स्वतःच्या पंचानं ती राखीव जागा पुसायचे आणि तिथल्या बाईला दुसरीकडे सरकवायचे. बाई तोंड वाकडं करायची, आबा संकोचायचे, आणि मी डबल बेल द्यायचो.

पेपरात आमदारांचे पगार-भत्ते वाढल्याची बातमी आली की गाडीत नुसता कल्ला. एरंडोलचे एक हायस्कूलचे मास्तर रोज यायचे, त्यांचा आवाज सगळ्यात मोठा. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही महागाई भत्त्यासाठी मोर्चे काढायचे, संप करायचे, पगार कापून घ्यायचा. आणि यांनी स्वतःच मांडायचं, स्वतःच मंजूर करायचं आणि स्वतःच उचलायचं. आपला पगार आपणच ठरवायची सोय जगात आणखी कोणाला आहे, असं ते सगळ्या गाडीला विचारायचे. मी तिकिटं फाडता फाडता मान डोलवायचो. मला ते पटायचं, अजून पटतं.

एकदा नेमके आबा गाडीत होते. मास्तरांना ते दिसले नाहीत आणि त्यांनी आपलं सुरू केलं. ऐकून घेऊन आबा मागे वळले आणि शांतपणे म्हणाले, मास्तर, तुमचं खरं आहे, पण आमचं पण ऐका. आमदाराच्या घरी सकाळी सहापासून माणसं येतात. येईल त्याला चहा. मतदारसंघात लग्न असलं की आहेर, मयत असली की हजेरी, कोणाचं पोरगं मुंबईला न्यायचं तर त्याची खोली आणि जेवण. मी निवडणुकीत विहिरीचं शेत विकलं आणि निवडून आल्यावर बैलजोडी. पडून इतकी वर्षं झाली, तरी अजून दर लग्नसराईत पत्रिकांचा ढीग येतो, आणि पत्रिकेवर माझ्या नावापुढे आमदार लिहितात. न जाऊन कसं चालेल? मास्तर ओशाळले. मला आबांचंही पटलं. हा माझा जुना रोग आहे, समोरचा बोलतो ते मला पटतं.

पण घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "शेत विकलं ते कोणी सांगितलं होतं विकायला? मास्तर होण्यासाठी कोणी शेत विकतं का?" तेव्हा विकत नव्हते. नंतर तेही सुरू झालं, पण ती वेगळी कटकट आहे.

मग नानांच्या डोळ्यांचं सुरू झालं. पहिल्यांदा ते मला बोलले नाहीत. संध्याकाळच्या फेरीला गाडी हळू चालायला लागली. समोरून ट्रक आला की नाना कडेला घेऊन जवळजवळ थांबायचेच. लोक आरडाओरडा करायचे, बैलगाडी तरी बरी म्हणायचे. एका संध्याकाळी पाळधीजवळ ते मला म्हणाले, समोरच्या दिव्याभोवती रांगोळी काढल्यासारखं दिसतं. मोतीबिंदू होता. मी म्हणालो, डॉक्टरला दाखवा. ते म्हणाले, दाखवलं तर लिहून देईल. लिहून दिलं तर बिल्ला जाईल. मी डेपोत शब्द टाकून त्यांची संध्याकाळची फेरी बदलून घेतली, दिवसाचीच ड्यूटी लावून घेतली. वेळ मारून नेली एवढंच.

ड्रायव्हरला ठरावीक वयानंतर नियमानं डोळे तपासून घ्यावे लागतात. नानांची पाळी आली. जुन्या ड्रायव्हरांनी त्यावर एक उपाय काढला होता. दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता वर्षानुवर्षं तोच होता. वरचं मोठं अक्षर, खाली लहान, आणखी खाली मुंगीएवढी. इंग्रजी अक्षरं. ज्यांना दिसायचं त्यांनी ती उतरवून आणली आणि ज्यांना दिसेना त्यांनी पाठ केली. विश्रांतीगृहात खाटेवर पडून चांगले पन्नाशी ओलांडलेले लोक पोरांनी पाढे म्हणावेत तशी ओळीनं अक्षरं म्हणत असायचे. नाना मराठी चौथी शिकलेले, इंग्रजीचा गंध नाही. त्यांनी ती सगळी अक्षरं तोंडपाठ केली. त्यांची बायको, जिला आम्ही अक्का म्हणायचो, मला म्हणाली, तुझे नाना अलीकडे सकाळी ओट्यावर बसून कसला तरी मंत्र म्हणतात, मला तर भीती वाटते.

तपासणीला मी त्यांच्याबरोबर गेलो. नानांना खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकायला सांगितला. ते ताठ बसले आणि घडाघडा म्हणायला लागले. वरून खालपर्यंत, न अडखळता, शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा. तरुण डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. हसला नाही बिचारा. त्यानं विचारलं, "बाबा, समोर काय लिहिलंय ते सांगा ना." नानांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी दारातून तक्त्याकडे पाहिलं. तक्ता बदलला होता. वरपासून खालपर्यंत सगळी मराठी अक्षरं होती. एवढं मोठं वरचं अक्षर, ते मराठी आहे की इंग्रजी हेही नानांना दिसलं नव्हतं.

बाहेर आल्यावर ते बाकावर बसले. मग मला म्हणाले, "भाऊ, मी बठ्ठं पाठ करेल व्हतं." चिडले नाहीत, रडले नाहीत. परीक्षेला पुस्तकाबाहेरचं आल्यावर पोरगं सगळं पाठ होतं म्हणून सांगतं तसं सांगितलं. मला हसूही आलं आणि रडूही, आणि दोन्हीची लाज वाटली.

डॉक्टर चुकला नव्हता. हे मला तेव्हाही समजत होतं. मागे पन्नास-साठ माणसं बसलेली असतात, त्यात आपलीही असू शकतात. नानांनाही समजत होतं. ते एकदासुद्धा डॉक्टरला बोलले नाहीत. ऑपरेशन करून घेतलं तर दिसलं असतं, पण त्या वेळी मोतीबिंदू काढला की जाड भिंगाचा चष्मा लागायचा आणि त्या चष्म्यानं गाडी हाती मिळत नव्हती. प्रश्न असा होता, की पंचवीसच्या वर वर्षं गाडी चालवलेला माणूस स्टिअरिंगवरून उठला तर त्यानं बसायचं कुठे. नियमात हलकं काम होतं. डेपोच्या गेटवर पहारा, स्टोअरमध्ये मदत, असं काहीतरी. पण ते जागा असेल तर. जागा नसेल तर नोकरी संपली. नानांच्या फंडातून दोन मुलींची लग्नं आधीच झाली होती, निवृत्तीला अजून थोडी वर्षं होती, आणि धाकटा मुलगा शिकत होता. हलकं काम मिळालं तर घर चालणार होतं, नाही तर नाही. एवढीच सगळी गोष्ट होती.

जागा असेल तर याचा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतो. वरून कोणीतरी शब्द टाकला तर. आम्ही चालू आमदारांच्या बंगल्याच्या पायऱ्या झिजवल्या. तिथे सकाळी खरोखरच सहापासून माणसं होती आणि खरोखरच सगळ्यांना चहा मिळत होता, आबा खोटं बोलले नव्हते. आमदारसाहेब बोलायला गोड. नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमच्यासारख्यांच्या गाडीतूनच आम्ही कॉलेजला गेलो. चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर योग्य ती कार्यवाही व्हावी असं होतं. ती एसटीच्या ऑफिसात दिली, तिथल्या क्लार्कनं वाचली आणि तसल्याच चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात ठेवून दिली. नंतर पुन्हा गेलो तर साहेब अधिवेशनाला, त्यानंतर दौऱ्यावर, त्यानंतर आणखी कुठे. बंगल्यावरचा चहा मात्र कधी चुकला नाही.

तोपर्यंत नाना घरी बसले होते. बिल्ला, पास, गाडीची हत्यारं सगळं जमा झालं होतं. माझ्या गाडीवर नवीन ड्रायव्हर आला होता, चांगला पोरगा, पण मला त्याच्याशी बोलावंसं वाटायचं नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फाट्यावर आबा उभे होते. नवीन पोरानं गाडी थांबवली नाही, त्याला काय माहीत. मी बेल ओढून ओढून पुढे जाऊन थांबवली. आबा धापा टाकत चढले आणि पहिलं विचारलं, नाना कुठे? मी तिकिटं बाजूला ठेवून सगळं सांगितलं. अक्षरं पाठ केल्याचंही सांगितलं. आबा हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, मलाही दोन वर्षांपासून दिवे तसेच दिसतात. मुंबईला दाखवलं, बिल सरकारनं दिलं. मी आमदार होतो तेव्हासुद्धा समोरचे कागद मला धड दिसायचे नाहीत, पण तिथे कोणी तक्ता लावला नाही.

मग ते म्हणाले, मी येतो ऑफिसात. मी विचार केला, बुडत्याला यांच्याशिवाय आता आहे कोण. पक्षानं टाकलेला, पडून दहा वर्षं होत आलेला माणूस. पण तोंडावर कसं सांगणार?

ठरलेल्या दिवशी आबा, नाना आणि मी असे तिघे धुळ्यातल्या ऑफिसात गेलो. माझी ड्यूटी दुपारची होती. तिथले साहेब चांगले होते हे मी आजही सांगेन. माजी आमदार म्हटल्यावर उठून उभे राहिले, आबांना खुर्ची दिली, चहा सांगितला. आबांनी नानांसाठीही खुर्ची मागितली. नाना म्हणाले, नको, उभाच बरा. साहेबांसमोर बसायची त्यांना सवयच नव्हती. आबांनी सगळं नीट मांडलं. नानांची इतकी वर्षं, एकही अपघात नाही, घरची परिस्थिती. मला वाटलं, हा माणूस विधानसभेत असाच बोलत असेल तर चांगलं बोलत असेल.

साहेबांनी फाइल मागवली, पाहिली, चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, आबासाहेब, जागा नाही. गेटवर दोन माणसं जास्तीची आहेत, त्यांच्याही चिठ्ठ्या आहेत, तुमच्यापेक्षा मोठ्या माणसांच्या. मी नियमाबाहेर एक पाऊल टाकलं तर उद्या माझी चौकशी. नियम आम्ही करत नाही, आबासाहेब. नियम तुमच्याकडे होतात. हे ते टोमणा म्हणून बोलले नाहीत, दमलेल्या माणसासारखे बोलले. आबांनी चहाचा कप उचलला होता तो तसाच खाली ठेवला.

आम्ही बाहेर पडलो. नाना एवढंच म्हणाले, चला, गाडीची वेळ झाली. त्यांना माझ्या गाडीची वेळ अजून पाठ होती.

दुपारच्या गाडीला दोघेही माझ्याच गाडीत बसले. आबांनी नानांना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. धुळं सोडल्यावर मी तिकिटांचा ट्रे घेऊन पुढून सुरुवात केली. आबांनी नेहमीसारखा पास धरला. मी पाहिला. मग नानांनी सदऱ्याच्या खिशातून पैसे काढले आणि म्हणाले, पारोळा एक. मी म्हणालो, नाना, राहू द्या, मी भरतो. ते म्हणाले, चेकर आला तर तुझी नोकरी जाईल, फाड. मी तिकीट काढलं, पंच केलं, त्यांच्या हातात दिलं. इतकी वर्षं ही गाडी या माणसानं चालवली होती. हातातला पंच बाहेर फेकून द्यावा असं मला वाटलं. फेकला नाही. माझ्याही घरी खाणारी तोंडं होतीच.

मी पुढे गेलो नाही, तिथेच दांडीला धरून उभा राहिलो. नाना खिडकीकडे तोंड करून बसले होते. मग त्यांनी आबांना विचारलं, तुमची पेन्शन कशी झाली हो? कोणी मागितली होती? विचारण्यात टोच नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

आबांनी सांगितलं. म्हणाले, विधेयक आलं. एरवी आम्ही एकमेकांचे गळे धरायचो, कापसाच्या भावावरून, पाण्यावरून, कशावरूनही. त्या दिवशी इकडचे तिकडचे सगळे एक. अध्यक्षांनी विचारलं, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं. सगळे होय म्हणाले. मीही म्हणालो. मनात आलं होतं की विचारावं, एका टर्मला जन्मभर कशी? पण शेजारचा म्हणाला, आबा, तुझं शेत गेलंय, म्हण होय. म्हणालो. दारूबंदीवर मी रात्र रात्र बोललोय नाना, त्या दिवशी माझ्या तोंडातून एकच शब्द निघाला.

नानांनी विचारलं, "तठे आमनी गोष्ट निंघनी व्हती का?"

"नाही," आबा म्हणाले. "तुमची नाही निघाली."

गाडीत मागे कोणाचं तरी पोर रडत होतं, नवीन ड्रायव्हर गिअर बदलताना आवाज करत होता. एरवी नाना त्याच्यावर खेकसले असते. आबांचा फाटा जवळ येत होता, त्यांनी उठायला हवं होतं, पण ते उठले नाहीत. त्यांनी नानांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते काय बोलणार हे मला आधीच कळलं. म्हणाले, नाना, मी आता एकटा माणूस, मला लागतं किती? दर महिन्याला अर्धी पेन्शन तुमच्या घरी आणून देत जाईन. मी जिवंत आहे तोपर्यंत. नाही म्हणू नका.

आबा मनापासून बोलत होते. त्यांनी ते केलंही असतं, माझी खात्री आहे. मी नानांकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, हो म्हणा, घरी अक्का आहे, पोरगं शिकतंय, हो म्हणून टाका. नानांनी आबांचा हात गुडघ्यावरून उचलला, दोन्ही हातांत धरला, आणि जिकडून आवाज आला तिकडे, अंदाजानं, तोंड वळवलं.

"आबा, माले तुमनी नको," ते म्हणाले. "माले मनी पाहिजे व्हती."